कोरोनात रक्ताच्या गुठळ्या का होत होत्या?



मार्च २०२० च्या अखेरीस बुलढाण्यात कोरोनाचा पहिला बळी गेला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर गावोगावची माणसे गेली. त्या वेळी डॉक्टर 'डी-डायमर' तपासायला सांगत, रोग्याच्या पोटावर इंजेक्शने देत. आजार छातीचा, मग औषध रक्त पातळ करायचे कशाला, असे सभासद आम्हांला अजून विचारतात. म्हणून हे टिपण.

खुरपे लागले की रक्त गोठते, ते बरेच आहे. गोठण्याला सुरुवात करून देणारा 'टिश्यू फॅक्टर' हा पदार्थ एरवी रक्तवाहिनीच्या बाहेर असतो. वाहिनी फुटली तरच त्याची रक्ताशी गाठ पडते. पण कोरोनाच्या जोरदार आजारात विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच चवताळतात. त्यांतल्या मोनोसाइट पेशी हा पदार्थ स्वतःच्याच अंगावर घेऊन रक्तात फिरतात. झाले! जखम नसताना गोठण्याचा हुकूम सुटतो.

न्यूट्रोफिल पेशींची तऱ्हा आणखी नवलाची. त्या मरता मरता आपल्या पोटातले डीएनएचे धागे बाहेर फेकून जाळे टाकतात. बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी हे २००४ साली दाखवले. जाळे असते जंतू धरायला. पण पाटात बाभळीची फांदी पडली की पालापाचोळा अडकून पाणी तुंबते ना, तसे या धाग्यांत प्लेटलेट आणि तांबड्या पेशी अडकतात. फुफ्फुसातल्या बारीक वाहिन्या बुजतात. मग हवा आत गेली तरी तिथवर रक्तच पोचत नाही. गुठळी विरघळताना तिचे जे तुकडे पडतात, ते म्हणजे डी-डायमर.

पोटावरचे इंजेक्शन हेपॅरिनच्या जातीचे. ते गुठळी वाढू देत नाही. तेही सरसकट नव्हे: २०२१ च्या मोठ्या चाचण्यांत मध्यम आजारी रोग्यांना पूर्ण मात्रेचा फायदा दिसला, अत्यवस्थांना दिसला नाही. चवताळलेल्या पेशींना आवरायला डेक्सामेथासोन. २०२० च्या इंग्लंडमधील चाचणीत ऑक्सिजनवरच्या रोग्यांचे मृत्यू त्याने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागला नव्हता त्यांना उपयोग झाला नाही.

तेव्हाच्या उरलेल्या गोळ्या काही घरांत अजून फळीवर आहेत. साध्या तापात त्या घेऊ नका. ताप डेंग्यूचा निघाला तर प्लेटलेट आधीच कमी असतात, वरून रक्त पातळ केले तर रक्तस्राव ओढवेल. मात्र हृदयविकारासाठी ज्यांना अशी गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंदही करू नये.