आळशी वायू

आम्ही रसायनशास्त्र शिकलो ते वेल्डिंग खात्याच्या दारात उभे राहून आणि रात्री वाचनालयातली पुस्तके चाळून. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आपण जी हवा आत घेतो तिच्या शंभर भागांत जवळजवळ एक भाग आर्गन असतो. तरी त्याचा पत्ता कोणाला नव्हता. १७८५ साली कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने विजेच्या ठिणग्या पाडून हवेतला नत्रवायू संपवत आणला, तेव्हा एक चिमुकला बुडबुडा उरला. तो काही केल्या जाईना. गोष्ट तिथेच शंभर वर्षे पडून राहिली. पुढे लॉर्ड रॅले यांना आढळले की, हवेतून काढलेला नत्रवायू रासायनिक पदार्थांतून काढलेल्यापेक्षा किंचित जड भरतो. फरक दोनशेत एक भागाचा! दुसरा कोणी तराजूला दोष देऊन मोकळा झाला असता. रॅले आणि रॅम्से यांनी १८९४ साली त्या फरकातून नवे मूलद्रव्य बाहेर काढले. ते कशाशीच संयोग पावेना, म्हणून ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. (हे विशेषण आमच्या कामगारांनाही फुकट मिळत आले आहे.)

या आळसालाच किंमत आहे. ॲल्युमिनियम तापले की प्राणवायू त्यावर झडप घालतो आणि सांधा बिघडतो. आर्गनच्या झोताखाली तो स्वच्छ बसतो. तारेच्या दिव्यांतही तार लवकर झिजू नये म्हणून हाच वायू भरीत.

परंतु तो हवेच्या सुमारे १.४ पट जड. रंग नाही, वास नाही. टाकीच्या तळाशी साठून तो प्राणवायूला हुसकावतो, आणि माणसाला कळतही नाही. कारण आपला जीव घुसमटतो तो मुख्यतः अंगात कर्बवायू साठल्याने. आर्गनमध्ये श्वास सुरळीत चालतो, कर्बवायू बाहेर पडत राहतो आणि दोनचार श्वासांत माणूस कोसळतो.

आमच्या भागातल्या एका कारखान्यात रात्रपाळीने सोडलेला आर्गन टाकीत तसाच राहिला. सकाळी मदतनीस उतरला, तो पडला. त्याला काढायला जोडीदार उतरला, तोही उठला नाही. चौकशीत ‘कामगारांचा निष्काळजीपणा’ असे लिहिले गेले. टाकीपाशी प्राणवायूमापक नव्हता, वर दोर धरून माणूस नव्हता, याबद्दल एक ओळही नाही.

तेव्हापासून आमचे सभासद आधी पंख्याने टाकीत हवा खेळवतात, मग मापक सोडतात. काटा एकवीसच्या आसपास आला तरच शिडीला पाय लावायचा. साडेएकोणीसच्या खाली असेल तर साहेब उभा असला तरी नाही.