आठ माइक, एक ऑपरेटर : सभेसाठी ऑटोमिक्स कसा सेट करायचा?



साउंड सिस्टीम भाड्याने देण्याचा व्यवसाय म्हटला की लग्न, गणपती आणि नवरात्र एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण सभांचं काम हाही एक चांगला धंदा आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना, म्हणजे हाउसिंग सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था यांना, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या कामाला मागणी असते. इथे दणदणीत आवाज कोणालाच नको असतो. प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू यावा, एवढंच ग्राहकाला हवं असतं.

आता कल्पना करा. टेबलावर आठ माइक आहेत. ठराव मांडला गेला आणि कोपऱ्यातले सभासद म्हणाले, "नामंजूर!" त्यांचा माइक उघडायला क्षणभर उशीर झाला आणि 'ना' गेला. रेकॉर्डिंगमध्ये राहिलं फक्त 'मंजूर'. इतिवृत्त लिहिताना यावरून वाद झाला, तर सेक्रेटरी आधी तुम्हालाच फोन करणार! म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

सगळे माइक चालू ठेवले तर काय बिघडतं?

उघडा माइक बोलणाऱ्याच्या आवाजासोबत पंखा, एसी, कागदांची सळसळ आणि तुमच्याच स्पीकरचा आवाजही उचलतो. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली, की शिट्टी वाजण्याआधी मिळणारा आवाज साधारण ३ डीबीने कमी होतो. हिशेब सोपा आहे : २ माइकला ३, ४ माइकला ६ आणि ८ माइकला ९ डीबी. म्हणजे आठ माइक उघडे ठेवले तर एका माइकच्या तुलनेत ९ डीबीवर पाणी सोडावं लागतं.

मग हाताने फेडर वर-खाली करायचे का? वक्ते क्रमाने बोलणार असतील तर जमेल. पण सभेत पुढे कोण बोलणार हे अध्यक्षांनाही माहीत नसतं. ऑपरेटरचा हात पोहोचेपर्यंत पहिला शब्द निघून गेलेला असतो.

ऑटोमिक्सचे दोन प्रकार

पहिला प्रकार गेटचा. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की माइक उघडतो, नाहीतर बंद. चांगली गेट यंत्रं झटपट उघडतात, पण सेटिंग चुकलं तर हळू बोलणाऱ्या माणसाचं पहिलं अक्षर कापलं जातं.

दुसरा प्रकार गेन वाटून देण्याचा. अमेरिकेतल्या डॅन डुगन यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. यात कुठलाच माइक पूर्ण बंद होत नाही. सगळ्या माइकचा एकूण गेन कायम एका माइकइतकाच राहतो, आणि ज्याच्या माइकमध्ये आवाज जास्त त्याला वाटा जास्त. एकच माणूस बोलतोय तर जवळजवळ सगळा वाटा त्याचा. दोघं सारख्या आवाजात बोलले तर प्रत्येकी ३ डीबी कमी. आठही गप्प असतील तर प्रत्येकी ९ डीबी कमी. भाकरी एकच, ज्याला भूक जास्त त्याला तुकडा मोठा! सभेसाठी आपण हाच प्रकार वापरायचा.

यासाठी फार महागडं यंत्र लागतं असं नाही. बेहरिंगरच्या एक्सआर १८ सारख्या छोट्या डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय आतच दिलेली आहे. टॅबलेटवरून सगळं चालवता येतं.

सेटिंग, क्रमाने

१. माइकची मांडणी : माइक तोंडापासून साधारण एक वीत ते एक फूट अंतरावर ठेवा. शेजारचा माइक त्याच्या किमान तिप्पट दूर हवा. तोंड एक फुटावर असेल तर दोन माइकमध्ये तीन फूट. स्पीकर माइकच्या पुढच्या बाजूला, श्रोत्यांकडे तोंड करून लावा.

२. गेन : प्रत्येक खुर्चीवर कोणाला तरी बसवून नेहमीच्या आवाजात बोलायला लावा. सगळ्या चॅनलची पातळी सारखी आणा. डिजिटल मीटरवर उणे १८ च्या आसपास ठीक. हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, कारण गेन उगाच वाढलेला माइक सतत जास्त वाटा ओढत राहतो.

३. लो-कट : १०० हर्ट्झच्या आसपास लावा. टेबलावरची थाप आणि पंख्याची घरघर तिथेच कमी होते.

४. शिट्टीचा बंदोबस्त आधी : ऑटोमिक्स बंद ठेवून एकेक माइक तपासा आणि शिट्टी देणारी फ्रिक्वेन्सी इक्वलायझरने कमी करा. शिट्टी वाजवणारा माइक ऑटोमिक्सला 'बोलणारा' वाटतो आणि तो त्यालाच वाटा देतो!

५. ग्रुप : आता बोलण्याचे सगळे माइक एकाच ऑटोमिक्स ग्रुपमध्ये टाका. प्रेक्षकांत फिरणारा कॉर्डलेस माइकही त्यातच. एकाच हॉलमधले माइक दोन ग्रुपमध्ये वाटले तर दोन्ही ग्रुपचा गेन वेगवेगळा मोजला जातो आणि फायदा कमी होतो. या चॅनलवरचे गेट बंद करा. कंप्रेसर हवा असेल तर तो ऑटोमिक्सनंतर, सगळ्यांवर मिळून लावा.

६. वेट : सुरुवातीला सगळ्यांचं वेट शून्य. अध्यक्षांना थोडं प्राधान्य हवं असेल तर ३ डीबी वाढवा. एसीखाली आलेल्या माइकचं थोडं कमी करा.

७. काय बाहेर ठेवायचं : लॅपटॉपचा व्हिडिओ, राष्ट्रगीताचं संगीत आणि झूमवरून येणारा आवाज ग्रुपमध्ये टाकू नका. झूमला आवाज पाठवताना त्यातून झूमचाच परत आलेला आवाज वगळा, नाहीतर घरून जोडलेल्या सभासदांना स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येईल.

शेवटची चाचणी

सभेआधी एकाला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवा. शांततेत हळू आवाजात "नामंजूर" म्हणायला सांगा. मग दोघांना एकाच वेळी बोलायला लावा. हेडफोनमध्ये 'ना' स्पष्ट आला आणि दोघांचेही शब्द कळले, तर सेटिंग जमलं.

लक्षात ठेवा, ऑटोमिक्स म्हणजे ऑपरेटरला सुट्टी नाही. फेडरमधून हात मोकळा झाला की तुमचं लक्ष बॅटरी, रेकॉर्डिंग आणि खुर्ची बदलून बसलेल्या माणसाकडे राहतं. गायन-वादनाला मात्र ही सोय लावू नका. तिथे सगळे एकत्र वाजणंच अपेक्षित असतं.

आणि धंद्याची गोष्ट : कोटेशनमध्ये 'आठ माइक, दोन स्पीकर' एवढंच लिहू नका. 'प्रत्येक वक्त्याचं स्वतंत्र रेकॉर्डिंग' ही वेगळी ओळ टाका आणि तिचा वेगळा दर लावा. एक्सआर १८ यूएसबीने लॅपटॉपला जोडला की प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक मिळतो. कोण काय बोललं याचा पुरावा सेक्रेटरीच्या हातात असेल, तर पुढच्या वर्षी ते दर विचारण्याआधी तुमची तारीख विचारतील.

पहिली ऑर्डर घेण्याआधी घरी चार माइक लावून ही चाचणी करून बघा. भेटू पुढच्या भागात!