अमिश्रणीय बहुवारिक मिश्रणांतील प्रवाह आणि स्फटिकरचना : पॉलिप्रॉपिलीनच्या संदर्भात

प्रस्तावना :
पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही दोन्ही बहुवारिके केवळ कार्बन व हायड्रोजन यांची बनलेली आहेत. तरीही वितळवून एकत्र केली असता ती एकजीव होत नाहीत. दोहोंची घनता पाण्यापेक्षा कमी असल्याने पाण्यावर तरंगवून ती परस्परांपासून वेगळी करता येत नाहीत. परिणामी पुनर्चक्रीकरणात त्यांची सरमिसळ होते व तयार होणारी वस्तू बहुधा ठिसूळ निघते. अशा मिश्रणाचे गुणधर्म केवळ घटकांच्या प्रमाणावर नव्हे, तर प्रवाह आणि शीतन यांवरही अवलंबून असतात, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अमिश्रणीयतेचे कारण :
लहान रेणूंचे द्रव मिसळताना रेणूंच्या मांडणीचे पर्याय, म्हणजेच एन्ट्रॉपी, पुष्कळ वाढते. बहुवारिकात हजारो एकके एकाच साखळीत बांधलेली असल्याने ही वाढ नगण्य ठरते व घटकांमधील अल्पशी प्रतिकूलताही त्यांना विभक्त ठेवण्यास पुरते. फ्लोरी व हगिन्स यांनी १९४२ च्या सुमारास मांडलेल्या सिद्धांताचा हाच आशय आहे.

प्रवाहाचे कार्य :
वितळलेल्या मिश्रणात अल्प प्रमाणातील घटक थेंबांच्या रूपात विखुरतो. कर्तन प्रतिबल थेंबाला ताणते, तर आंतरपृष्ठीय ताण त्याला पुन्हा गोल करू पाहतो. या संघर्षाचे विवेचन जी. आय. टेलर यांनी १९३२ व १९३४ मध्ये केले. थेंबाची श्यानता भोवतालच्या द्रवाच्या सुमारे चौपटीहून अधिक असेल, तर साध्या कर्तन प्रवाहात तो फुटत नाही. त्यासाठी ताणणारा प्रवाह लागतो. शिवाय फुटलेले थेंब एकमेकांवर आदळून पुन्हा एकत्रही येतात. त्यामुळे समान प्रमाणाची दोन मिश्रणे निरनिराळ्या यंत्रांतून निरनिराळ्या अंतर्रचनेची बाहेर पडू शकतात.

स्फटिकरचनेतील बदल :
शुद्ध पॉलिप्रॉपिलीन थंड होताना साधारणतः ११० ते १२० अंश सेल्सिअसला स्फटिकरूप होते, कारण त्यातील सूक्ष्म अशुद्धी केंद्रकांचे काम करतात. तेच पॉलिस्टायरीनमध्ये अतिसूक्ष्म थेंबांत विखुरले, तर थेंबांची संख्या अशुद्धिकणांहून अधिक होते. केंद्रकाविना राहिलेले थेंब सुमारे ४० अंशांपर्यंत स्फटिकरूप होत नाहीत. इतक्या कमी तापमानाला नेहमीच्या एकनताक्ष अल्फा रूपाऐवजी कमी सुव्यवस्थित असे मध्यरूप तयार होऊ शकते.

प्रवाहाचा परिणाम थेंबांच्या आकारापुरताच मर्यादित नाही. कर्तनामुळे साखळ्या एका दिशेने मांडल्या जाऊन केंद्रकांच्या रांगा बनतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर बीटा रूप वाढू शकते. अल्फा रूप सुमारे १६५ अंशांना, तर बीटा रूप सुमारे १५० अंशांना वितळते. बीटा रूप अधिक चिवट असते.

उपयोजन :
दोन प्रावस्थांमधील सीमा दुर्बल असेल, तर भेग तेथूनच पसरते. २०१७ मध्ये कॉर्नेल व मिनेसोटा विद्यापीठांतील संशोधकांनी पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीनचे खंड आलटून-पालटून जोडलेले सहबहुवारिक वापरले. त्याच्या केवळ १ टक्का प्रमाणानेही ठिसूळ मिश्रण चिवट झाले.

निष्कर्ष :
प्रवाह थेंबांचा आकार ठरवतो आणि तो आकार स्फटिकीभवनाचे तापमान व रूप ठरवण्यात महत्त्वाचा वाटा उचलतो. म्हणून अशा मिश्रणांच्या अभ्यासात श्यानतामापन, औष्णिक विश्लेषण आणि क्ष-किरण विवर्तन यांचा एकत्रित विचार होणे आवश्यक आहे. केवळ टक्केवारी नोंदवून मिश्रणाची ओळख पूर्ण होत नाही.