गाडी डुलते का? शॉकअप बघा

आपल्यातल्या काही गटांनी माल बाजाराला न्यायला जुनी मारुती ओम्नी घेतली आहे. खड्ड्यातून गेल्यावर ती होडीसारखी डुलत राहते आणि आपण रस्त्याला बोल लावतो. दर वेळी दोष रस्त्याचाच असतो असं नाही.

वजन पेलतात पुढच्या स्प्रिंगा आणि मागचे पाटे. उसळी थांबवतो तो शॉकअप. त्यातलं तेल गळलं की चाक रस्ता नीट धरत नाही, ब्रेक मारल्यावर गाडी उशिरा थांबते. मागे भरल्या क्रेटांजवळ बसलेल्या असतो आपणच!

उभ्या गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक. डुलतच राहिली तर शॉकअप गेला समजा. दाबून कळलं नाही तरी वाकून बघा. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल, तर बदलायची वेळ झाली.

बदलायचे ते डावा-उजवा जोडीनंच. पैसे कमी असतील तर एक जोडी आता, दुसरी पुढच्या महिन्यात. पण एकच शॉकअप नवा नको. जुन्यातच तेल भरून दिलेले आम्ही तरी घेत नाही. पुढचे बदलताना वरचं रबर माउंटिंग तपासून घ्या, नंतर अलाइनमेंट करा. आणि हो, पुढची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. घरच्या पान्यानं खोलायला गेलात आणि ती सुटली, तर हात मोडेल. ते काम गॅरेजवाल्याचंच.