चमचाभर शिरा

मी चरोद्याहून बोलतेय. ज्यांना चरोदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर रायपूर आणि दुर्गच्या मध्ये, भिलाईला लागून हे गाव आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, आणि कारखान्याबरोबर इथलं मालगाड्यांचं यार्ड वाढलं. त्या काळात विदर्भातून बरीच मंडळी नोकरीसाठी इकडे आली. माझे सासरे त्यातलेच. आता आमचे हेही रेल्वेतच आहेत. घरात सासूबाई, आम्ही दोघं, मोठी मुलगी आणि धाकटा. आजचा भाग या धाकट्याच्या ताटाबद्दल आहे.

तो पाच वर्षांचा होईपर्यंत आम्ही त्याला 'किडकिडा आहे, बापावर गेलाय' एवढंच म्हणत होतो. पोट पुढे आलेलं, हातपाय काड्यांसारखे, शौचाला पातळ, आणि दिवसभर किरकिर. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. छत्तीसगडमध्ये लहान मुलाचं रक्त कमी दिसलं की डॉक्टर आधी सिकलसेल तपासतात, कारण इकडे तो आजार खूप आहे. ती तपासणी चांगली आली. मग लोहाचं औषध सुरू झालं. चार महिने दिलं, आकडा हलेना. तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी एक वेगळी रक्ततपासणी सांगितली, टीटीजी नावाची. ती मर्यादेच्या कितीतरी पट वर आली. पुढे दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहिला आणि निदान झालं : सिलिअ‍ॅक. गहू बंद. जन्मभर.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. तुमच्या मुलाबद्दल अशी शंका असेल तर तपासणीच्या आधी गहू बंद करू नका. गहू पोटात नसला की ही तपासणी खोटी 'चांगली' येऊ शकते आणि मग काहीच कळत नाही.

आता हे ग्लुटेन म्हणजे काय, ते परातीतूनच समजून घेऊ. कणीक मळल्यावर ताणली जाते, लाटली की पसरते, तुटत नाही. ते ताणणं ज्या प्रथिनामुळे येतं ते ग्लुटेन. ज्वारीची भाकर थापावी लागते, पोळीसारखी सरसर लाटता येत नाही, कारण ज्वारीत ते नसतं. गहू, जव आणि राय या तीन धान्यांत ते असतं. ज्यांना सिलिअ‍ॅक आहे त्यांचं शरीर या प्रथिनाला शत्रू समजतं आणि लढाईत स्वतःच्याच आतड्याची नासाडी करतं. लहान आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतात. ते अंकुर झिजून सपाट होतात. मग तुम्ही लोह द्या, तूप द्या, बदाम द्या, अंगी लागणार कुठून?

म्हणजे ही अ‍ॅलर्जी नाही. अ‍ॅलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, लगेच कळतं. इथे पुष्कळदा वरून काहीच दिसत नाही, आणि घरातल्या मोठ्यांना पटवताना हीच अडचण होते.

हे गव्हामुळे होतं हे डॉक्टरांनाही उशिराच कळलं. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. आपल्याकडे हा आजार गहू खाणाऱ्या उत्तर भारतात जास्त सापडतो. दिल्लीच्या परिसरात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला तो होता. दक्षिणेत त्याचं प्रमाण पुष्कळच कमी.

तर गहू बंद. पोळी, ब्रेड, बिस्किट, शेवया, रवा, मैदा, दलिया सगळं बंद. विदर्भातल्या माणसाला उकडपेंडी बंद म्हटलं की कसं वाटतं ते तुम्हीच समजा. माल्टची पावडर दुधात घालायचे ती बंद, कारण माल्ट जवाचं असतं. सत्तूच्या बाबतीत माझा गोंधळ झाला होता. शेजारच्या बिहारी काकूंचं सत्तू हरभऱ्याचं, पण आपल्या सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. नाव एकसारखं, आत काय ते वेगळं. म्हणून आता मी नावावर जात नाही, विचारून घेते. औषधाच्या गोळीबद्दलसुद्धा विचारते.

सहा महिने मी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. वजन थोडं वाढलं, किरकिर गेली. मोठ्या उत्साहाने पुन्हा टीटीजी केली, तर आकडा जवळजवळ तिथेच. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "कुठून तरी जातोय. शोधा."

मला रडूच आलं. एवढं करून 'शोधा'!

मग शोध सुरू झाला. पहिला चोर सापडला फोडणीत. आपण बाजारातून आणतो ते हिंग बहुतेक वेळा शुद्ध नसतं, त्यात गोंद आणि पीठ मिसळलेलं असतं. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. वरणात, भाजीत, कढीत, चिवड्यात रोज चिमूटभर. मी सहा महिने त्याला वरणभात 'सुरक्षित' म्हणून देत होते. आता तांदळाच्या पिठातलं हिंग आणते, नाही मिळालं तर लसणाची फोडणी.

दुसरा चोर पिठाच्या चक्कीत होता. ज्वारी मी निवडून न्यायचे, पण माझ्या आधी कोणाचे तरी दहा किलो गहू दळलेले असायचे. जात्याच्या पाळीत बसलेलं पीठ माझ्या पिठात यायचं. शेवटी हप्त्यावर घरघंटी घेतली. ज्वारी आणि तांदूळ धुऊन, वाळवून तिच्यातच दळते. पोळपाट-लाटणं लाकडाचं, त्याच्या भेगांत कणीक बसते, ते शेजारी देऊन टाकलं. चाळणी नवी, तवा नवा. लोणच्याच्या बरणीत पोळीचा हात जायचा, ती बरणीही गेली.

एवढी काटेकोर का व्हायची, तर एक हिशेब सांगते. इटलीतल्या डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्यावर परिणाम होतो. एका मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीचे पन्नास तुकडे करा आणि त्यातला एक उचला. तेवढंच. आपल्याकडे पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, ते उगीच नाही.

तिसरा चोर मला सापडला नाही, धाकट्यानेच सांगितला. शाळेत धान्यांचा धडा झाला. गव्हापासून काय काय होतं, त्यात बाईंनी रवा सांगितला. घरी येऊन दप्तरही न काढता त्याने विचारलं, "आई, शिऱ्यातला रवा गव्हाचा असतो?"

मी हो म्हटलं. तो सासूबाईंकडे बघायला लागला.

दर गुरुवारी कॉलनीतल्या बायका गजानन महाराजांच्या उपासनेला कोणाच्या तरी घरी जमतात. प्रसादाला शिरा. सासूबाई परत येताना द्रोणात थोडा आणायच्या आणि नातवाच्या हातावर चमचाभर ठेवायच्या. दर गुरुवारी, सहा महिने. पोळी त्यांनी कधीच दिली नाही, बिस्किट मागितलं तर त्याच रागवायच्या. पण प्रसाद म्हणजे अन्न नव्हे, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "प्रसादाला नाही कसं म्हणू गं?" आणि उठून आत गेल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. मीही काही बोलले नाही. खरं सांगते, खूप बोलावंसं वाटत होतं.

दोन दिवसांनी त्याच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "महाराजांना तर पिठलं-भाकर आवडायची. शिरा आपण आणला." पुढच्या गुरुवारी उपासना आमच्या घरी ठेवली आणि ज्वारीची भाकर, पिठलं असा प्रसाद झाला. आता बहुतेक घरी तोच होतो. दोन-तीन घरी अजून शिरा असतो, तिथून त्या रिकाम्या हाताने येतात.

वर्षभराने आकडा उतरला, दीड वर्षाने मर्यादेत आला. हिंग, चक्की आणि शिरा, तिन्ही एकदमच बंद झाले, तेव्हा जास्त दोष कशाचा हे सांगता यायचं नाही. मी सासूबाईंना हिंगाचंच नाव सांगते.

आता खायचं काय ते बोलू. सुरुवातीला मी महागडी ग्लुटेनमुक्त पाकिटं मागवायचे. कोरडी बिस्किटं, भुसभुशीत ब्रेड, आणि किंमत विचारू नका. मग लक्षात आलं की आपण राहतो धानाच्या कटोऱ्यात! छत्तीसगढी स्वयंपाक मुळात तांदळावर उभा आहे. चीला म्हणजे आपलं घावन. चौसेला म्हणजे तांदळाच्या पिठाची पुरी. अंगाकर रोटी पळसाच्या पानात निखाऱ्यावर भाजतात, कोकणातल्या पानगीची बहीणच. अइरसा चाखला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे तर अनारसे!" चाळीस वर्षं इथे राहून आम्ही हे फक्त शेजाऱ्यांच्या ताटात पाहिलं होतं.

डब्यात सर्वांत जास्त जातो फरा. रात्रीचा उरलेला भात दोन वाट्या, हाताने चांगला मळायचा. त्यात दीड-दोन वाट्या तांदळाचं पीठ, मीठ, लागेल तसं कोमट पाणी. भाकरीच्या पिठाइतकं घट्ट हवं. तेलाच्या हाताने बोटाएवढ्या वळकट्या करायच्या आणि चाळणीत बारा-पंधरा मिनिटं वाफवायच्या. गार होऊ द्या, गरम असताना हात लावला तर तुटतात. मग मोहरी, तीळ, कढीपत्ता, हिरवी मिरची यांच्या फोडणीत परतायच्या. तीळ हात राखून घालू नका. सोबत टमाटरची चटणी. वर्गातली मुलं त्याच्या डब्यातला फरा मागतात, पण बदल्यात त्यांचं काही घ्यायचं नाही हे त्याला शिकवावं लागलं. ते शिकवणं फरा करण्यापेक्षा अवघड होतं.

मात्र सगळा भार तांदळावर टाकू नका. पांढऱ्या तांदळात लोह आणि चोथा कमी. म्हणून आमच्याकडे दोन दिवस ज्वारी, एक दिवस नाचणी असते. नाचणीला बस्तरकडे मडिया म्हणतात, तिची पेज करतात. कोदो आणि कुटकी इथे सहज मिळते, भगरीसारखी शिजवायची. उपासाचा दिवस तर धाकट्याचा सणच. देवबलोद्याच्या जुन्या शिवमंदिराची महाशिवरात्रीला जत्रा भरते, त्या दिवशी घरी साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, सगळं त्याला चालतं. फक्त जत्रेतली जलेबी नाही. तिथे आम्ही जरा भरभर चालतो.

राहिली मोठी मुलगी. घरातला गहू बंद झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. हे ड्यूटीवर कॅन्टीनमध्ये पोळी खातात, मला फारसं वाटत नाही, पण तिला पोळी-भाजीचा डबा आवडायचा. एकदा ती म्हणाली, "त्याला झालंय, मला का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांत शंभरात सात-आठ जणांना हा आजार निघतो, म्हणून तिचीही तपासणी केली. काही नाही निघालं. तो कागद बघून ती म्हणाली, "मग तर मी खाऊ शकते ना?" आता रविवारी ती बिहारी काकूंकडे जेवते, पराठे खाते, हात-तोंड धुऊन घरी येते. हे बरोबर की चूक, मला अजून कळलेलं नाही. तिच्या वाट्याचं काहीतरी वेगळं असावं, एवढ्यासाठी चालू ठेवलंय.

पोळा विदर्भातही असतो आणि इथेही, इथे त्याला पोरा म्हणतात. त्या दिवशी शेजारून ठेठरी-खुरमीचं ताट येतं. ठेठरी बेसनाची, खुरमी गव्हाची, आणि दोन्ही एकाच कढईत तळलेल्या, म्हणून धाकट्याला दोन्ही बंद असायच्या. गेल्या वर्षी समोरच्या छत्तीसगढी वहिनी दोन ताटं घेऊन आल्या. एकावर झाकण होतं. म्हणाल्या, "ये वाला पहिली तेल में, खुरमी के पहले निकाली हूँ." धाकट्याने झाकण काढलं आणि उभ्या उभ्याच चार ठेठऱ्या संपवल्या. पाचवी त्याने ताईला दिली.