स्वस्त राज्याच्या शोधात

बेकार मेव्हण्याला आपल्या घरी आणल्याबद्दल एखाद्या गृहस्थावर खटला भरला जावा, ही गोष्ट आज कोणास खरी वाटणार नाही. परंतु अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असा खटला झाला होता. एडवर्ड्स नावाच्या गृहस्थाने टेक्सासमधील आपल्या मेव्हण्याला मोटारीतून कॅलिफोर्नियात आणले. निर्धन मनुष्यास राज्यात आणणे हा तेथील कायद्याने गुन्हा असल्यामुळे त्याला शिक्षा झाली. १९४१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. तत्पूर्वी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या दूरदूरच्या सीमांवर जाऊन पहारे बसविले होते. अवर्षण, धुळीची वादळे आणि मंदी यांनी गांजलेली ओक्लाहोमा-टेक्सासकडील कुटुंबे कॅलिफोर्नियाकडे धाव घेत होती, आणि ते समृद्ध राज्य त्यांना दाराबाहेर ठेवू पाहत होते.

आज या प्रवाहाची दिशा नेमकी उलटली आहे. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २ हजार माणसे कॅलिफोर्निया सोडून टेक्सासात गेली; उलट दिशेने आलेल्यांची संख्या सुमारे ४२ हजार होती. २०२० च्या जनगणनेनंतर प्रतिनिधिगृहातील जागांचे फेरवाटप झाले, तेव्हा टेक्सासच्या जागा ३६ वरून ३८ झाल्या. कॅलिफोर्नियाच्या मात्र ५३ वरून ५२ वर आल्या. त्या राज्याच्या इतिहासात जागा घटण्याचा हा पहिलाच प्रसंग. जाणाऱ्यांत अब्जाधीशांची नावे वृत्तपत्रांत झळकतात. परंतु बिऱ्हाड हलविणारा सामान्य मनुष्य शिक्षक, परिचारिका, कारकून किंवा तरुण तंत्रज्ञ असतो. आपली अनेक मराठी कुटुंबेही सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून उठून डॅलस-ऑस्टिनकडे गेलेली आहेत.

ही कुटुंबे का जातात? ‘टेक्सासात प्राप्तिकर नाही म्हणून’ असे उत्तर सर्रास दिले जाते. टेक्सास राज्य वैयक्तिक प्राप्तिकर घेत नाही, हे खरे. २०१९ साली तर राज्यघटनेत दुरुस्ती करून तेथे असा कर बसविण्यास मनाई करण्यात आली. उलट कॅलिफोर्नियात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर १३.३ टक्के आहे. परंतु हा दर अतिश्रीमंतांसाठी आहे. तेथील कराची पहिली पायरी अवघ्या १ टक्क्याची आहे. सामान्य पगारदारास या करातून मिळणारी सुटका बेताचीच असते आणि टेक्सास ती तूट घरपट्टीतून भरून काढतो. घराच्या मूल्याच्या दीड टक्क्याच्या आसपास घरपट्टी तेथे दरवर्षी भरावी लागते. तेव्हा खरे कारण करात शोधण्यापेक्षा घराच्या किमतीत शोधावे. २०२४ साली कॅलिफोर्नियात स्वतंत्र घराची मध्यक किंमत ९ लाख डॉलरवर गेली. टेक्सासात ती साडेतीन लाखांच्या आतबाहेर होती. वाणसामान, कपडे, मोटार यांच्या किमतींत दोन राज्यांमध्ये एवढी तफावत असूच शकत नाही, कारण या वस्तू इकडून तिकडे नेता येतात. जमीन नेता येत नाही. राज्याची महागाई म्हणजे बव्हंशी निवाऱ्याची महागाई होय.

आणि ही महागाई निसर्गाने लादलेली नाही. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तेरावा प्रस्ताव संमत केला. त्यानुसार घरपट्टी खरेदीच्या वेळच्या मूल्याच्या १ टक्क्यावर थोपविण्यात आली, आणि हे करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढविता येणार नाही असे ठरले. घर विकले गेले म्हणजेच नवे मूल्य लागू व्हावयाचे. परिणामी एकाच गल्लीतील एकसारख्या दोन घरांपैकी चाळीस वर्षे राहणाऱ्याची पट्टी नाममात्र, तर नव्याने आलेल्याची कितीतरी पट. ज्याच्यापाशी घर आहे त्याला ते सोडण्याचे कारण उरले नाही. १९७० च्या पर्यावरण कायद्याचा हेतू चांगला होता. तथापि शेजारी नवी इमारत नको असलेल्या रहिवाशांनी न्यायालयात अडवणूक करण्यासाठी त्याचा मुक्त वापर केला. कित्येक शहरांनी बहुतांश निवासी जमीन केवळ स्वतंत्र घरांसाठी राखून ठेवली. आधी येऊन बसलेल्यांनी मागून येणाऱ्यांची वाट अडविली, आणि मागून येणाऱ्यांत त्यांची स्वतःची मुलेही होती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चार्ल्स टिबू यांचा १९५६ सालचा सिद्धांत परिचित असेल. नागरिक आपल्या पसंतीचे कर आणि आपल्या पसंतीच्या सेवा देणाऱ्या गावी जाऊन राहतात, म्हणजे एक प्रकारे पायांनी मतदान करतात, असे त्याचे सार. या सिद्धांतामागील एक गृहीतक मात्र विसरले जाते: नोकरीच्या संधींचे बंधन त्यात विचारातच घेतलेले नाही. व्यवहारात हेच बंधन सर्वांत कठोर असते. ज्याचा पगार त्याच्याबरोबर प्रवास करू शकतो, त्या तंत्रज्ञास स्थलांतर फायद्याचे ठरते. हॉटेलात भांडी घासणाऱ्याचे गणित निराळे आहे. २०२५ साली कॅलिफोर्नियात किमान वेतन ताशी साडेसोळा डॉलर होते. टेक्सासात २००९ पासून संघराज्याचे सव्वासात डॉलरच लागू आहेत. शिवाय २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने गरीब प्रौढांसाठी देऊ केलेला सरकारी वैद्यकीय साहाय्याचा विस्तार टेक्सासने स्वीकारलेला नाही. विमा नसलेल्यांचे प्रमाण त्या राज्यात देशात सर्वाधिक आहे. भाड्यात वाचलेली रक्कम एका आजारपणात जाऊ शकते. ज्याला स्वस्ताईची गरज सर्वांत अधिक, त्यालाच तिचा लाभ सर्वांत अनिश्चित, अशी ही विसंगती आहे.

बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच केवळ घरभाड्याची तुलना करून भागत नाही. नव्या गावी पगार किती कमी होईल, घरपट्टी आणि घराचा विमा किती, दुसरी मोटार घ्यावी लागेल काय, मुलांना राज्यातील रहिवासी म्हणून कमी शुल्कात महाविद्यालयात प्रवेश मिळण्यापूर्वी वर्षभराचे वास्तव्य पुरे होईल काय, हे सारे जमाखर्चाच्या वहीत मांडले पाहिजे. आणि आजीआजोबा दोन हजार किलोमीटर मागे राहिल्यावर लहान मूल कोणी सांभाळावयाचे, हा खर्च तर कोणत्याही निर्देशांकात येत नाही.

स्वस्ताई टिकतेच असेही नाही. ऑस्टिन शहरात बाहेरून लोंढा आला तेव्हा घरांच्या किमती इतक्या भडकल्या की, २०२२ च्या वसंतात मध्यक किंमत साडेपाच लाख डॉलरच्या आसपास पोहोचली आणि मूळचे रहिवासी शहराबाहेर फेकले जाऊ लागले. परंतु तेथे पुढे जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. घरे आणि सदनिका मोठ्या प्रमाणावर बांधल्या गेल्या, आणि २०२३ पासून भाडी खाली आली. पुरवठा वाढू दिला तर किंमत नमते, हा प्राथमिक धडा तेथे सिद्ध झाला. कॅलिफोर्नियासही तो उमगू लागला असावा. जून २०२५ च्या अखेरीस तेथील विधिमंडळाने शहरांतील बऱ्याच घरबांधणीस १९७० च्या त्या कायद्याच्या छाननीतून सूट दिली.

महाराष्ट्रातील वाचकास हे सारे परके वाटू नये. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूला अभय दिले, पण त्याचबरोबर भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे आतबट्ट्याचे झाले. तेराव्या प्रस्तावाशी त्याचे नाते उघड आहे. गिरगाव-दादरचे मराठी कुटुंब डोंबिवली-विरारला गेले ते याच ओघात. त्याच्या पदरी रोजचा तीन-चार तासांचा प्रवास आला. तथापि भाषा, शाळा, शिधापत्रिका सुटली नाही. परराज्यात जाणाऱ्या भारतीय कुटुंबास हे सारे नव्याने उभे करावे लागते. संचाराचे व वास्तव्याचे स्वातंत्र्य आपल्या घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिले असले, तरी अधिवास प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. आपल्याकडे स्वस्त राज्य गाठणे टेक्सासला जाण्याहून कठीण आहे ते यामुळे.

राज्य सोडून जाण्याचा हक्क १९४१ च्या त्या निकालाने अमेरिकन माणसास निःसंदिग्धपणे मिळवून दिला, आणि तो मोलाचा आहेच. परंतु आपल्या गावात शिकविणाऱ्या शिक्षकाला, तेथील रुग्णालयात राबणाऱ्या परिचारिकेला त्याच गावात राहणे परवडू नये, हे कोणत्याही राज्याच्या श्रीमंतीचे लक्षण मानता येणार नाही. जे जातात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या नियमांनी त्यांना जावयास लावले, ते तपासणे हे मागे राहणाऱ्यांचे, आणि विशेषतः स्वतःचे घर असणाऱ्यांचे काम आहे.