सलग एक तास

नोकरी सांभाळून पीएच्. डी. करणाऱ्या बाईला आमच्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, 'पगार किती वाढणार?' आणि दुसरा, 'मग घरचं कोण बघतं?' दुसरा प्रश्न एखाद्या पुरुषाला विचारलेला मी तरी अजून ऐकला नाही!

मी बुलढाणा जिल्ह्यात मेहकरला शिक्षिका आहे आणि महानुभाव गद्यावर संशोधन करते. विषय घरचाच म्हणायचा. मेहकर आणि शेजारचे लोणार ही दोन्ही गावे लीळाचरित्रात भेटतात. त्या ग्रंथाची संपादित आवृत्ती १९७८ साली सिद्ध करणारे डॉ. वि. भि. कोलतेही ह्याच जिल्ह्यातले, मलकापूर तालुक्यातील नरवेलचे. महाविद्यालयात शिकवीत असताना त्यांनी सांकेतिक लिप्यांतल्या पोथ्या अक्षर अक्षर लावून वाचल्या. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तेव्हा नोकरी आणि संशोधन एकत्र नांदत नाहीत, असे निदान ह्या जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये.

नियमही आड येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच्. डी. अर्धवेळ करता येते. त्यासाठी नोकरीच्या संस्थेचे ना-हरकत पत्र लागते. मुदत कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन. बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा निराळीच.

वर्षे अशी मिळतात. घोडे अडते ते तासापाशी. पोथीतला एक संदर्भ जुळवायला सलग तास लागतो. दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे जोडून तो होत नाही. शाळा, उत्तरपत्रिका, स्वयंपाक, मुलाचे गणित ह्यांतून तुकडेच हाती येतात. मार्गदर्शकांना भेटायला अमरावतीला जावे, तर एस. टी. च्या प्रवासातच अर्धा दिवस सरतो आणि पदरची एक रजा जाते.

पहिल्या वर्षी हे म्हणाले, "मी मदत करीन ना तुला!" आणि केलीही. पण पाहुणे आले, सण आला, की मदत थांबे आणि माझी वही मिटे. शेवटी मी म्हटले, "मदत नको, वाटणी करू या." आता पहाटेचा पाच ते सहा हा तास माझा. चहा आणि डबे ह्यांच्याकडे. सासूबाई प्रथम गप्प होत्या. एके दिवशी शेजारणीने मला हाक मारली, तेव्हा त्याच दारातून म्हणाल्या, "थांबा बाई, ती अभ्यासाला बसलीय."

माझ्यासारख्या पुष्कळ जणी आज शाळांत, बँकांत, कचेऱ्यांत आहेत. आयोगाने त्यांना दोन वर्षे जास्त दिली आहेत. पण ती वर्षे ज्या तासांची बनतात, ते द्यायचे घराने. मैत्रिणींनो, तो तास उपकार म्हणून घेऊ नका. फराळाच्या धांदलीत सगळ्यांत आधी तोच जातो. ह्या दिवाळीत आमच्याकडे चकल्या विकतच्या येणार आहेत, चिवडा हे करणार आहेत, आणि माझे तिसरे प्रकरण पुरे होणार आहे.